शुक्रवारी रात्रीची मटकी

रविवारी सकाळी मिसळ हवी असेल तर मटकी शुक्रवारी रात्री भिजत घालावी लागते आणि शनिवारी सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधून ठेवावी लागते. आता शुक्रवारी रात्री मिसळीची भूक कुणालाच नसते. घरात भलतंच काहीतरी पेटलेलं असतं. सिलिंडर संपलाय, मुलाला उद्या शाळेत चार्ट पेपर न्यायचाय हे त्याला रात्री साडेनऊला आठवलंय, ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी 'अर्जंट' लिहून पुढे तीन उद्गारचिन्हं ठोकलीत. मटकी डब्यात गप्प पडून असते. रविवारी तिची आठवण झाल्यावर कितीही धावपळ करा, दोन तासांत मोड येत नाहीत. (भाजीवाल्याकडे मोडाची मटकी तयार मिळते, हे मान्य. दातांचं आणि सातबाऱ्याचं तसं नाही.)

दातांचं आणि सातबाऱ्याचं नाव घेतलं, कारण दोन्हीकडे मी स्वतः आपटलोय. दाढेत बारीकसं काळं दिसत होतं. एका बैठकीत सिमेंट भरून काम झालं असतं. मी दीड वर्ष 'पुढच्या आठवड्यात' म्हणत राहिलो आणि धनत्रयोदशीच्या मध्यरात्री गाल धरून बसलो. रूट कॅनालच्या तीन फेऱ्या, वर कॅप. वडील गेल्यावर गावच्या जमिनीवर वारस नोंद करायची होती. त्यालाही मी सहा वर्षं लावली. प्रत्यक्ष काम सहा महिन्यांचंसुद्धा नव्हतं.

त्यानंतर महत्त्वाची पण घाई नसलेली कामं मागे पडू नयेत म्हणून जी रीत बसवली ती इथे पायरीपायरीने लिहितोय. नुकतीच नोकरी लागलेल्यांना, नव्याने संसार मांडलेल्यांना आणि आईवडिलांची कागदपत्रं ज्यांच्या अंगावर आत्ताच येऊन पडलीत त्यांना जास्त उपयोगी पडेल. ॲप लागत नाही. एक दोनशे पानी वही आणि भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं.

आधी दोन शब्द वेगळे करू

तातडीचं काम म्हणजे ज्याच्यामागे कुणीतरी उभं आहे: मुदत, साहेब, वाजणारा फोन, दारातला माणूस. महत्त्वाचं काम म्हणजे जे आज नाही केलं तर आज काहीच होत नाही, पण पाच वर्षांनी बोचतं. तब्येत, बचत, कागदपत्रं, शिकायचं राहिलेलं काही, आईजवळ बसून घालवलेला एखादा तास. यांच्या वतीने फोन करणारं कुणी नसतं. सगळी अडचण एवढीच आहे.

या विषयावर कुठेही वाचायला गेलात की अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या नावाचा चार घरांचा चौकोन समोर येतो. ऑगस्ट १९५४ मध्ये अमेरिकेतल्या इव्हान्स्टन इथे चर्चच्या जागतिक परिषदेच्या अधिवेशनात त्यांनी हा भेद सांगितला होता. माझ्यापुढचे प्रश्न दोन प्रकारचे, तातडीचे आणि महत्त्वाचे. तातडीचे असतात ते महत्त्वाचे नसतात आणि महत्त्वाचे कधी तातडीचे नसतात, अशा अर्थाचं ते वाक्य. गंमत म्हणजे हे आपलं नाही, एका माजी कॉलेज प्राचार्यांचं आहे, असं त्यांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं होतं. चौकोन आखला नंतरच्या व्यवस्थापनवाल्यांनी. प्राचार्य मागे राहिले.

चौकोन सोपा आहे. तातडीचं आणि महत्त्वाचं: मुलाला ताप, घरात गळणारा नळ, उद्या संपणारी मुदत. महत्त्वाचं पण तातडीचं नसलेलं: वर सांगितलेली मटकी. तातडीचं पण महत्त्वाचं नसलेलं: बहुतेक फोन, बहुतेक मेसेज, दुसऱ्याच्या विसरभोळेपणाची आपल्यावर आलेली कामं. चौथ्या घरात दोन्ही नाही, म्हणजे रात्री अंथरुणात अंगठ्याने सरकवत बसायचं ते सगळं. आता माझ्या दाढेकडे बघा. ती दीड वर्ष दुसऱ्या घरात होती आणि एका रात्रीत पहिल्या घरात गेली. पहिल्या घरातली निम्मी आग अशी असते, दुसऱ्या घरात दुर्लक्ष होऊन मोठी झालेली. म्हणून नुसती आग विझवण्यात तरबेज होऊन भागत नाही.

पायरी पहिली: आठवडाभर रोजमेळ

दुकानदार रोज रात्री रोजमेळ लिहितो, आलं किती, गेलं किती. तसाच वेळेचा लिहायचा. सोमवार ते रविवार, दर दोनतीन तासांनी एक ओळ. '७:४० ते ९:२५ प्रवास', '१:१० ते १:५० जेवण, त्यात २५ मिनिटं फोन'. छान दिसेल असं लिहू नका, जे झालं ते लिहा. पहिल्या आठवड्यात काहीही सुधारायचं नाही, एवढं पथ्य पाळा. बहुतेक जण इथेच घसरतात. दुसऱ्या दिवशीच पहाटे पाचला उठतात आणि गुरुवारी वही बंद पडते.

पायरी दुसरी: खतावणी

रविवारी संध्याकाळी रोजमेळ खात्यांवर चढवायचा. आठवड्याचे एकूण तास १६८. माझा हिशेब देतो. डोंबिवलीहून मुंबईत नोकरी, घरापासून टेबलापर्यंत पावणेदोन तास, म्हणजे जाऊन-येऊन साडेतीन, पाच दिवसांचे साडेसतरा. ऑफिस रोज नऊ तास, ४५. झोप सात तासांप्रमाणे ४९. आंघोळ, जेवणखाण, स्वयंपाकघर, आवराआवर यांचे रोज तीन धरले तर २१. बेरीज १३२.५. उरले साडेपस्तीस तास.

ते पाहून मी चक्रावलो. माझ्याकडे वेळ नाही असं मी दहा वर्षं शपथेवर सांगत होतो. रोजमेळात पाहिलं तर त्या साडेपस्तिसातले चौदा फोनच्या खात्यावर निघाले आणि सहा 'इतरांची किरकोळ कामं' या खात्यावर. दुसऱ्या घराच्या खात्यावर, म्हणजे तब्येत, कागदपत्रं, बचत, शिकणं या सगळ्याला मिळून, चाळीस मिनिटं. तीही एका मित्राला दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा तिथेच स्वतःचं ब्लड प्रेशर मोजून घेतलं म्हणून.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. खतावणीतला 'स्वयंपाकघर, आवराआवर' हा आकडा माझा छोटा होता, कारण बायकोचा मोठा होता. केंद्र सरकारने २०१९ मध्ये वेळेच्या वापराची देशव्यापी पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचे ९७, असं त्यात दिसलं. जिचा दिवस 'आई डबा', 'अगं माझे मोजे', 'वहिनी, मीटर रीडिंगवाले आलेत' यांतच फुटतो तिला 'महत्त्वाच्या कामाला सकाळचा एक तास द्या' असं सांगणं म्हणजे थट्टा आहे. अशा घरात दोघांनी खतावणी शेजारी शेजारी ठेवायची आणि आधी कामं वाटून घ्यायची. आमच्याकडे डबे आणि सकाळची भांडी माझ्याकडे आली. पहिला महिना डब्यात रोज बटाट्याचीच भाजी होती. तक्रार आली, पण वाटणी टिकली.

पायरी तिसरी: यादी लांब, निवड तीनच

आता दुसऱ्या घराची यादी करा. सुचेल तेवढं लिहून काढा. नवख्यांसाठी काही नमुने: दात आणि डोळे तपासणं, चाळिशी ओलांडली असेल तर रक्तातली साखर, बँक, पीएफ आणि विम्याच्या कागदांवर नॉमिनी म्हणून कुणाचं नाव आहे ते पाहणं (लग्नाआधी लावलेलं नाव तसंच राहिलेलं असतं), पासपोर्टची मुदत, गावच्या जमिनीचे उतारे, मृत्युपत्र, पोहायला शिकणं, धाकट्या भावाशी चार वर्षांपूर्वी मोडलेलं बोलणं.

यादी वीस ओळींची झाली की भीती वाटते. वाटू दे. त्यातल्या तीनच निवडा, पुढच्या तीन महिन्यांसाठी. निवडताना एकच प्रश्न विचारायचा: हे लांबवलं तर महाग कुठलं पडेल? पोहणं लांबलं तर फारसं बिघडत नाही. दाढ लांबली तर बिघडते. वारस नोंद लांबली की वारसांची संख्या वाढत जाते. एक काका जातात, त्यांची तीन मुलं येतात, त्यातलं एक दुबईत. सहा वर्षांत आमच्या सह्या चारांवरून नवांवर गेल्या.

पायरी चौथी: कामाचं पहिलं पाऊल लिहा

'वारस नोंद करणे' हे यादीत लिहिण्यासारखं काम नाही, ते प्रकरणाचं नाव आहे. म्हणून तर ते सहा वर्षं वहीत पडून राहिलं. वही उघडली की ते डोळे वटारून बघायचं आणि मी वही मिटायचो. ते फोडलं तेव्हा असं दिसलं: वडिलांच्या मृत्यू दाखल्याच्या प्रती काढणे. चालू सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या नावावरच्या जमिनींचा उतारा) काढणे, हे ऑनलाइन मिळतात. सगळ्या वारसांची नावं, वयं, पत्ते एका कागदावर लिहिणे. प्रतिज्ञापत्र करणे. तलाठ्याकडे किंवा महसूल खात्याच्या ई-हक्क पोर्टलवर अर्ज टाकणे. मग फेरफाराची, म्हणजे नोंद बदलण्याची, नोटीस निघते, हरकतींसाठी १५ दिवस जातात आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. वारसाने मिळालेल्या हक्काची वर्दी, म्हणजे खबर, तलाठ्याला तीन महिन्यांत द्यावी, असं महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत, १९६६ च्या कायद्यात लिहिलेलंच आहे. म्हणजे मुदत होती. फक्त तिच्या वतीने ओरडणारं कुणी नव्हतं.

यातलं पहिलं पाऊल, दाखल्याच्या प्रती, हे अर्ध्या तासाचं काम. प्रत्येक महत्त्वाच्या कामाचं असं अर्ध्या-पाऊण तासात उरकेल एवढं पहिलं पाऊल लिहा. ते लिहिताच येत नसेल तर 'माहीत असलेल्या माणसाला फोन करून विचारणे' हे पहिलं पाऊल.

मृत्युपत्राचंही तसंच. लोकांना वाटतं वकील, स्टॅम्प पेपर, रजिस्टर कचेरी, केवढं मोठं प्रकरण. साध्या कागदावर लिहिलेलं, स्वतः सही केलेलं आणि दोन साक्षीदारांनी आपल्या समोर सह्या केलेलं मृत्युपत्र चालतं. स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, केली तर बरी. साक्षीदार शक्यतो ज्यांना त्यातून काही मिळणार नाही असे आणि आपल्यापेक्षा वयाने लहान घ्यावेत, म्हणजे पुढेमागे गरज पडली तर ते हजर असतील. मालमत्तेत वाद असतील तर मात्र वकील गाठाच. पहिलं पाऊल काय? आपल्याकडे काय काय आहे याची एक पानी यादी.

पायरी पाचवी: वार, वेळ, जागा

'सवडीने करू' म्हणजे करणार नाही. वहीत वार, वेळ आणि जागा तिन्ही लिहायचं: 'शनिवार, सकाळी ७ ते ८:३०, जेवणाचं टेबल, वारसांची यादी'. सकाळचीच वेळ का? त्या वेळेत जगाची तातडी अजून उठलेली नसते. रात्री दहानंतर उरलेला वेळ महत्त्वाच्या कामाला देणं म्हणजे पंगत उठल्यावर पाहुण्याला तळाचा भात वाढणं.

आठवड्यातून असे दोनच तुकडे, प्रत्येकी दीड तास. साडेपस्तिसातले तीन. याहून जास्त ठरवू नका, निदान पहिले तीन महिने.

वार ठरवताना व्यवहार सांभाळा. महाराष्ट्रात सरकारी कचेऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. शनिवारी तहसीलला जाऊन कुलूप पाहून येऊ नका, कचेरीच्या कामाला रजाच काढावी लागते. बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात. म्हणून शनिवारचा तुकडा घरी बसून करायच्या कामांना द्या आणि कचेरीची तीनचार कामं साठवून एक पूर्ण रजा त्यांच्यासाठी काढा. आजारपणाला, लग्नाला, क्रिकेटच्या फायनललासुद्धा आपण रजा काढतो. माझी वारस नोंद दोन रजांत झाली.

वर्षातून किंवा महिन्यातून एकदाच येणाऱ्या कामांना सणवार जोडून टाका, लक्षात ठेवायची कटकट जाते. दसऱ्याला गाडी धुऊन हार घालतोच. त्याच दिवशी तिच्या विम्याची आणि पीयूसीची तारीख पाहायची. आईचं ब्लड प्रेशर आमच्याकडे दर संकष्टीला मोजलं जातं, कारण संकष्टी ती कधी विसरत नाही.

पैशाच्या कामात तर वार नाही, तारीखच धरावी लागते. पीपीएफच्या बचत खात्यावर त्या महिन्याचं व्याज पाच तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर मिळतं. सहाला भरलेल्या पैशाला त्या महिन्याचं व्याज नाही. बँकेला एक तारखेची स्थायी सूचना देऊन टाका, मग तुम्हाला काही करायचंच उरत नाही. जुन्या करप्रणालीत असाल तर कर वाचवणाऱ्या गुंतवणुकीवरच्या दीड लाखाच्या वजावटीचा विचार एप्रिलमध्ये करा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात समोर जी पॉलिसी येईल तिच्यावर सही केलेले आणि पुढे वीस वर्षं हप्ते भरणारे लोक माझ्या ओळखीत चार आहेत. त्यातला एक मी.

पायरी सहावी: तातडीला बांध

हे सगळ्यांत अवघड, कारण इथे माणसं येतात.

सुरुवात 'बघतो' या शब्दापासून करा. मराठी माणूस नाही म्हणत नाही, 'बघतो' म्हणतो. ऐकणारा त्याचा अर्थ 'हो' असा घेतो, म्हणणारा 'नाही' असा घेतो, आणि आठ दिवसांनी ते काम पहिल्या घरात येऊन दोघांच्या मध्ये उभं राहतं, वर रुसवा. 'बघतो'च्या जागी दोनच उत्तरं ठेवा: तारखेसह हो, किंवा स्पष्ट नाही. 'आत्या, आज नाही जमायचं. रविवारी अकराला येतो, फॉर्म आणि फोटो काढून ठेव.' आत्या रागावत नाही. तिला तारीख हवी असते, ती मिळालेली असते. निम्म्या वेळा तर रविवारपर्यंत तिचं काम तिच्या नातवाने केलेलंही असतं.

साहेबाला नाही म्हणता येत नाही, मग विचारायचं: 'सर, हे आता घेतलं तर महिन्याचा रिपोर्ट उद्या दुपारवर जाईल. आधी कुठलं देऊ?' निवड त्यांच्या टेबलावर ठेवायची. नवीन नोकरीत हे बोलायला धीर लागतो, आणि काही साहेब 'दोन्ही द्या' असंच म्हणतात. अशा ठिकाणी ही पायरी अर्धीच चालेल, हे गृहीत धरा. पण 'कधीपर्यंत हवंय?' एवढं तर कुणालाही विचारता येतं. 'अर्जंट' म्हणून आलेल्या कामाला हा प्रश्न विचारला की बऱ्याचदा उत्तर 'गुरुवारपर्यंत चालेल' असं येतं.

फोनचं थोडक्यात. घर, शाळा आणि एकदोन नंबर सोडून सगळ्यांचा आवाज बंद. सोसायटीचा ग्रुप, शाळेच्या मित्रांचा ग्रुप, दोन्ही म्यूट. दिवसातून दोनदा, दुपारी आणि रात्री, उघडायचे. पाण्याचा टँकर येणार असेल तर वॉचमन बेल वाजवतो. विजेचं, मोबाइलचं, गॅसचं बिल ऑटो-पेवर. अशी कामं ज्या दिवशी हाताने करणं बंद होतं त्या दिवशी ती तातडीची राहत नाहीत.

आणि खरी तातडी आली तर वही मिटा. पोराला १०३ ताप असताना शनिवारचा तुकडा सांभाळत बसणारा माणूस शिस्तीचा नाही, विचित्र आहे.

पायरी सातवी: रविवारची वीस मिनिटं

रविवारी संध्याकाळी वही उघडून दोन तुकड्यांचं काय झालं ते पाहायचं. झाले असतील तर पुढचं पाऊल लिहायचं. बुडाले असतील तर कशाने बुडाले ते एका ओळीत लिहून नवा वार द्यायचा, पण पुढच्या आठवड्यात तीन किंवा चार करायचे नाहीत. बुडालेल्याची भरपाई करायला गेलं की तिसऱ्या आठवड्यात सहा तुकडे अंगावर येतात आणि माणूस वही माळ्यावर टाकतो. जुलैत लोकल दोनतीनदा रखडणार, गणपतीत दहा दिवस काही होणार नाही, दिवाळीआधीचा पंधरवडा साफसफाईत जाणार. हे आधीच कॅलेंडरवर आडवी रेघ मारून सोडून द्या. माझ्या वर्षाच्या बावन्न आठवड्यांतून साधारण पस्तीस कामाला येतात. सत्तर तुकडे. त्यात दाढा, सातबारा, पीएफवरचं नाव आणि आईचे मोतीबिंदूचे दोन्ही डोळे झाले.

एकच काम सलग तीन रविवार पुढे ढकललं गेलं तर ते काम चुकीचं निवडलंय किंवा पहिलं पाऊल मोठं झालंय. पाऊल आणखी बारीक करा. तरीही हलत नसेल तर खोडून टाका, अपराधी वाटून घेऊ नका. पोहणं मी दोनदा खोडलंय.

मृत्युपत्र माझ्या यादीत अजून आहे. एक पानी यादी झालीय, साक्षीदार म्हणून वरच्या मजल्यावरचं तरुण जोडपं तयार आहे. येत्या शनिवारी सकाळी सात वाजता, जेवणाच्या टेबलावर. बायकोने त्यांना मिसळीला बोलावलंय, पण ते रविवारी.